चौथा पेला आणि माझी कोरडी पट्टी

१४ मे २०२४, मंगळवार. सोलापूर. दुपारी एक्केचाळीस अंश. वारा नाही. पत्र्याच्या शेडखाली उकाडा त्याहून जास्त.

मी पीएच कागदाची वही बोलतेय. अंगठ्याएवढी आहे मी. माझ्या आत वीस पिवळसर पट्ट्या होत्या, सकाळी एकच उरली होती. एक पट्टी एकदाच भिजते, एकदाच खरं सांगते आणि कचऱ्यात जाते.

मला अनेक दर्शकांच्या, म्हणजे आम्ल-आम्लारीत रंग बदलणाऱ्या द्रव्यांच्या, मिश्रणात भिजवून सावलीत वाळवलं. शाळेत तुम्हाला भेटतो तो लिटमस माझा थोरला भाऊ. आम्लात निळ्याचा तांबडा होतो, आम्लारीत तांबड्याचा निळा. त्याला एवढंच सांगता येतं. किती आम्ल, किती आम्लारी, ते मी सांगते. माझ्या पुठ्ठ्यावर एक ते चौदा अशी रंगांची शिडी छापली आहे. सात म्हणजे उदासीन, शुद्ध पाण्यासारखं. खाली आम्ल, वर आम्लारी. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दहापट.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यात मला रूपालीने आणलं. ती वैराग गावची, रसायनशास्त्राची बी.एस्सी. तिथले रंगमास्तर तिप्पण्णा. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

सुतावर रंग धरावा म्हणून टाकीत धुण्याचा सोडा घालतात. तो आम्लारी. रंग धरला की थोडं ॲसेटिक ॲसिड घालून उरलेला सोडा मारतात. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून क्षार आणि पाणी करतात, त्याला उदासिनीकरण म्हणतात. अण्णा हे काम अंदाजाने करत. पाणी दोन बोटांत चोळायचं, मग एक थेंब जिभेवर ठेवायचा.

आम्लारी बोटाला बुळबुळीत लागते, कारण ती कातडीच्या तेलाचाच साबण करते. अण्णा एकतीस वर्षं स्वतःच्या बोटांचा साबण करत होते. रेशन दुकानातलं मशीन आता त्यांचा अंगठा ओळखत नव्हतं.

गेल्या महिन्यात पिवळ्या टॉवेलांचा अख्खा लॉट परत आला. रंग सुटत होता, अंगाला खाज येत होती. रूपालीने एक कोपरा भिजवून मला लावला. दहा. सोडा पुरता मेलाच नव्हता.

"अण्णांची जीभ म्हातारी झाली," मल्लप्पा नावाचा कामगार म्हणाला. सगळे हसले. रूपालीही.

आज मालक बापूसाहेबांनी टेबल मांडलं. स्टीलचे चार पेले. सगळं पाण्यासारखं दिसणारं.

"अण्णा, तुमची जीभ मोठी की हिचा कागद, एकदा होऊनच जाऊ दे. चारही बरोबर सांगा, मास्तरकी तुमची. एक जरी चुकला, तर उद्यापासून रूपाली मास्तर. कबूल?"

"कबूल की. कागदाला काय कळतंय?" अण्णा म्हणाले.

पेले रूपालीने भरले होते. ती बापूसाहेबांच्या कानाशी गेली. "सर, चौथ्यात कॉस्टिक सोडा आहे. तुम्ही अवघड ठेव म्हणालात म्हणून. तो तोंडात गेला तर..."

"आता सांगितलंस तर परीक्षा कसली? तुला मास्तर व्हायचंय ना?"

रूपाली दोन पावलं मागे सरली. मी तिच्या मुठीत होते. पण मी भिजल्याशिवाय बोलत नाही.

पहिला पेला. थेंब जिभेवर. "ह्यो आंबट हाय. ॲसिड."

दुसरा. "पाणी. साधं पाणी."

तिसरा बोटांत चोळला, जिभेला लावला. "बुळबुळीत, कडू. धुण्याचा सोडा."

तिन्ही बरोबर. मल्लप्पाने टाळी वाजवली.

चौथा. अण्णांनी बोटं चोळली, पुन्हा चोळली. "ह्योबी बुळबुळीत लागतोय..." धुण्याचा सोडा अकरावर होता, हा चौदावर. मधे तीन पायऱ्या, म्हणजे हजारपट. त्या बोटांना हजारपट कळत नव्हतं.

"चोळताय काय अण्णा? जीभ लावा की! का भ्या वाटतंय?" मल्लप्पा ओरडला.

"थेंबानं कळंना," म्हणत अण्णांनी पेला उचलला आणि घोट घेतला.

पेला खाली पडला. अण्णा दोन्ही हातांनी तोंड धरून वाकले. बापूसाहेबांनी पहिला पेला पुढे केला. "हे पाजा! ॲसिडनं सोडा मरतो, तूच सांगतेस ना?"

"नको!" रूपालीने तो पेला उडवला. "मरताना उष्णता सुटते. आत आणखी भाजेल. चूळ भरायला पाणी द्या, नुसतं पाणी!"

नळाखाली त्यांचं तोंड धरलं. पाणी आधी गुलाबी आलं, मग लाल.

मुलांनो, प्रयोगशाळेतलं काहीही चाखू नका. अंगावर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा, ते मारायला दुसरं काही ओतू नका. आणि कागद जवळ असेल, तर माणसाच्या आधी तो भिजवा.

अण्णांना रिक्षातून दवाखान्यात नेल्यावर रूपालीने माझी शेवटची पट्टी चौथ्या पेल्याच्या तळाला उरलेल्या थेंबात बुडवली. गडद जांभळी. चौदा.

डॉक्टरांनी जिभेचा शेंडा आणि अन्ननलिका भाजल्याचं लिहिलं. नाकातून नळी घातली. तिप्पण्णांनी चारपैकी तीन पेले बरोबर ओळखले. चौथ्याचं उत्तर त्यांना बोलता आलं नाही. बापूसाहेबांनी ते चूक धरलं. १५ मेपासून रंगमास्तर म्हणून फळ्यावर रूपालीचं नाव लिहिलं गेलं.