थोडं जास्त चालेल?

तिसऱ्या गिऱ्हाइकाने टोपी काढली, मान वाकडी करून कान लाकडी ठोकळ्यावर टेकवला, आणि मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं मोठ्याने हसली. पडद्यावर दोन हात आले. त्यांनी सुरी फिरवली, कान तराजूत टाकला, कागदात नीट गुंडाळला आणि ज्याचा त्याला परत दिला. "थोडं जास्त झालंय, चालेल ना?" खाटकाने विचारलं. गिऱ्हाईक म्हणालं, चालेल की, आभारी आहे. रांग एक पाऊल पुढे सरकली. पोरं पुन्हा हसली.

सिरिल विमाझल खुर्चीत आणखी खाली घसरला. ते हात त्याचे होते.

शेजारी त्याची मुलगी यार्मिला मांडीवर कोट घेऊन ताठ बसली होती. ती हसत नव्हती आणि बापाकडे बघतही नव्हती.

एकोणीसशे अडुसष्टच्या वसंतात राजधानी प्राहाहून सिनेमावाले प्रोस्त्येयोव गावात आले तेव्हा सिरिल चौकाजवळच्या मटणाच्या दुकानाचा प्रमुख होता. खाटकाचं काम करणारा नट होता नामांकित, पण सुरी हातात धरली की भाकरी कापायला बसल्यासारखा दिसायचा. दिग्दर्शकाने दोन दिवस कळ काढली आणि मग सिरिलला म्हणाला, चेहरा त्याचा राहू दे, हात तुम्ही द्या. सिनेमा कशाबद्दल आहे हेही त्याने सरळ सांगितलं. लोक आपणहून रांग लावतात, आपलाच एकेक अवयव कापून घेतात आणि वर आभार मानतात. सिरिलला ते ऐकून इतकं हसू आलं की त्याला ठोकळ्याला टेकून उभं राहावं लागलं. आठवडाभर त्याने कोटाच्या बाह्यांत भरलेली डुकराची मानगूट कापली. लहानगी यार्मिला दारात बसून सिनेमावाल्यांनी दिलेले पाव खात होती.

ऑगस्टमध्ये परक्या फौजांचे रणगाडे देशात शिरले. सिनेमा पुरा झाला खरा, पण कुणालाही न दाखवता त्याचे डबे कुठल्याशा तळघरात गेले. दिग्दर्शक देश सोडून गेला आणि तिकडेच वारला. नटाने आपल्याला फसवून काम करून घेतलं असं लिहून दिलं आणि तो पुढे टीव्हीवर आजोबांची कामं करत राहिला. चौकशी समितीपुढे सिरिललाही बोलावलं. तिथला माणूस काही वाईट नव्हता. त्याने कॉफी मागवली आणि उत्तरही स्वतःच सुचवलं: तुम्हाला काय कल्पना, तुम्ही साधे खाटीक, कापा म्हटलं तसं कापलंत, हो ना?

सिरिल म्हणाला, "मला माहीत होतं काय चाललंय ते."

यापलीकडे तो काही बोलला नाही. असं का म्हणाला, हे त्याला बायकोलाही कधी सांगता आलं नाही. द्राहोमिराने आधल्या रात्री त्याच्या विनवण्या केल्या होत्या, एक वाक्य, सिरिल, पोरीसाठी एवढं एक वाक्य बोल. दुकान गेलं. त्याला मांसाच्या शीतगोदामात टाकलं, तिथेच तो निवृत्त झाला आणि बोटांचे सांधे तिथेच आखडून बसले. यार्मिलाला डॉक्टर व्हायचं होतं. पंधराव्या वर्षी तिला वरच्या शाळेत घेतलं नाही, कारणही दिलं नाही. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला लागली, अजून तिथेच होती. द्राहोमिरा मरेपर्यंत त्या घरात सिनेमाचं नाव निघालं नाही.

आता वीसेक वर्षांनी ते सरकार पडलं होतं आणि तळघरांतले डबे वर येत होते. चित्रपटगृहाबाहेर फलक लागला तेव्हा यार्मिला कारखान्यातून तडक बापाकडे आली. तो म्हणाला, मला नाही बघायचा. ती म्हणाली, "मला बघायचाय, बाबा. माझी शाळा कशापायी गेली ते एकदा डोळ्यांनी बघू दे. तुम्हीही शेजारी बसा."

म्हणून रविवारी दुपारी दोघं इथे बसली होती.

सिनेमात एक नवरी आली. पांढरा पोशाख, हातात फुलं. रांगेतल्या लोकांनी तिला कौतुकाने पुढे जाऊ दिलं. तिने ठोकळ्यावर जीभ ठेवली. हातांनी ती कापली, आणि लग्नाची म्हणून कागदाऐवजी रेशमी रुमालात बांधली. मग नवरी नोंदणी कचेरीत गेली, अधिकाऱ्याने विचारलं त्या प्रत्येक प्रश्नाला हसून मान डोलावत राहिली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथे थिएटरातलं हसू तुटलं. एकदोघं सवयीने हसली आणि मध्येच थांबली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा "हद्द झाली" असं पुटपुटत उठला, त्याची बायको कोट सावरत मागोमाग निघाली. त्यांच्यामागून आणखी काही खुर्च्या वाजल्या. सिरिलला वाटलं, आपणही उठावं. हे सगळं त्याने केलं होतं, पण बघितलं कधीच नव्हतं. तेव्हा त्याच्यासमोर एक हसरी नटी होती, जी तोंडात कालवडीची जीभ धरून दर वेळी ओकारी काढायची आणि सगळ्यांना हसवायची. पडद्यावर ती नटी नव्हतीच. एक मुलगी होती, आणि हात काम चोख करत होते.

नवरी गेल्यावर हातांनी ओलं फडकं फिरवलं, तळव्याच्या कडेने ठोकळ्यावरचा चुरा गोळा केला आणि ठोकळ्यावर दोनदा हळूच थोपटलं, लेकराला निजवावं तसं.

यार्मिला हसली. सगळं थिएटर गप्प असताना ती एकटीच मोठ्याने हसली, आणि तिला ते आवरेना. तिने कोट तोंडावर धरला. घरी जेवण झालं की बाबा टेबल असंच पुसायचे, चुरा असाच गोळा करायचे आणि लाकडाला असंच थोपटायचे. दिग्दर्शकाने ते सांगितलेलं नव्हतं. ते आपोआप झालेलं होतं. आजूबाजूचे लोक मान वळवून तिच्याकडे रागाने बघायला लागले. मघाशी हसणारी पोरंसुद्धा.

दिवे लागल्यावर निम्मं थिएटर रिकामं होतं. एक दाढीवाला तरुण पडद्यापुढे आला आणि म्हणाला, आपण थोडी चर्चा करू. एकाने सांगितलं की हे चेहरा नसलेले हात म्हणजे सत्ता. दुसरा म्हणाला, सत्ता नव्हे, आपण सगळेच. कुणी म्हणालं, आता स्वातंत्र्य आलंय, आता तरी लोकांना काही सुंदर दाखवा. मग मधल्या रांगेतून एक पिकल्या केसांची बाई उठली. स्मेकालोवा नावाची ती बाई नवरा गेल्यावर ओलोमोउत्सहून इथे लेकाकडे राहायला आली होती.

ती म्हणाली, "मला तुमची सत्ताबित्ता कळत नाही. माझ्या नवऱ्याला चौकशीला नेलं होतं. परत आला तेव्हा एका कानाने ऐकू येत नव्हतं आणि तोंडात पुढचे दात नव्हते. इथे लोक हसत होते. शेवटी तर एक बाई खिदळत होती." तिने यार्मिलाकडे बघितलं नाही, पण सगळ्यांनी बघितलं. "आणि ज्याने हे एवढं सराईतपणे कापलं, ते हात कुणाचे, त्या माणसाला झोप तरी कशी लागते, एवढंच मला विचारायचंय."

दाढीवाला म्हणाला, नामावलीत त्यांचं नाव नाही, दुर्दैवाने.

यार्मिलाने बापाच्या बाहीवर हात ठेवला. बस म्हणायचं होतं की ऊठ, हे त्याला कळलं नाही. तो उठला.

"हात माझे आहेत," सिरिल म्हणाला. "मांस डुकराचं होतं, बाई. झोप लागते. गोदामात होतो तेव्हा थंडीने लागायची नाही, आता लागते." थिएटरात कुणी तरी हसलं आणि लगेच गप्प झालं. "करताना मीही हसलो होतो. फार हसलो होतो. आज नाही आलं हसू. आणि ती हसली ती माझी मुलगी. ती कापण्याला नाही हसली."

तो खाली बसला. दाढीवाल्याने त्याला पुढे यायची विनंती केली, लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्याने मान हलवून नको म्हटलं.

बाहेर उजेड होता आणि थंडी बोचत होती. दोघं बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. कारखान्याकडे जाणारी बस निघून गेली, ती त्यांची नव्हती.

"एकच वाक्य होतं, बाबा," यार्मिला म्हणाली. "आई म्हणत होती ते."

"हो."

"मला अजून राग आहे तुमचा."

"असू दे."

"पण तुम्ही आज तिथे उभं राहून मला काही माहीत नव्हतं म्हणाला असतात, तर मी तुम्हाला तिथेच टाकून गेले असते."

त्याने मान डोलावली. तेवढ्यात स्मेकालोवा बाई रस्ता ओलांडून त्यांच्याकडे येताना दिसली. ती त्याच्यासमोर थांबली. आत बोलताना होता तसा चढा आवाज आता नव्हता.

"दाखवाल?" तिने विचारलं.

सिरिलने हातमोजे ओढून काढले आणि हात पुढे धरले. सांधे फुगलेले, दोन बोटं आत वळलेली, नखांशी जुने वण. बाईने हात लावला नाही. चष्मा वर सरकवून ती बराच वेळ बघत राहिली, बाजारात एखादी वस्तू बघावी तशी, घाई न करता.

"म्हातारे झालेत," ती म्हणाली.

"झालेत."

"माझा नवरा कधी नाव सांगायचा नाही त्याची चौकशी करणाऱ्या माणसाचं. म्हणायचा, फार सभ्य होता." तिने यार्मिलाकडे एकदा बघितलं, मान किंचित लववली आणि आली तशी निघून गेली.

त्यांची बस वळणावर दिसली. सिरिल हातमोजा चढवायला लागला, पण थंडीने आखडलेलं बोट आत शिरेना. यार्मिलाने त्याच्या हातातून मोजा घेतला, त्याचा तळवा आपल्या तळव्यावर ठेवला आणि एकेक बोट सरळ करत आत घालू लागली. बस येऊन थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरने त्यांच्याकडे बघितलं. दुसरा हात अजून राहिला होता.