फुटाला पाव इंच

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. भंडारा शहरात, हिरालाल साहेबांच्या अंगणात तीन माणसे, एक सायकल आणि दीड मीटर दोरीच्या टोकाला लटकलेला मी.

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. वजन चारशे दहा ग्रॅम. वरून गोल, खाली निमुळता, आणि डोक्यात दोरी ओवण्यासाठी एक भोक. भिंत सरळ उभी आहे की कललेली, हे पाहण्यासाठी गवंडी मला वरून खाली सोडतो. मी काही क्षण हलतो, मग थांबतो. आणि एकदा थांबलो की माझी दोरी जी रेघ दाखवते ती खरी असते. याखेरीज मला दुसरे काहीही येत नाही. पण चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात या एका कामात मी कधी चुकलो नाही.

माझा जन्म याच शहरात, पितळेच्या भांड्यांच्या एका कारखान्यात झाला. माझ्या अवतीभोवती पाण्याचे गुंड आणि पराती घडत होत्या. एका गुंडाचे पितळ साच्यात ओतल्यावर थोडे उरले आणि कारागिराने ते वाया न घालवता माझ्या साच्यात ओतले. पुढे मला खरादावर चढवून गोल केले गेले. गुंड दिमाखात लग्नाच्या रुखवतात गेले. मी आसाराम मिस्त्रींच्या कापडी पिशवीत गेलो. मला त्याचे वाईट वाटले नाही. गुंडात पाणी भरावे लागते, माझ्यात काही भरावे लागत नाही.

आसाराम मिस्त्रींनी माझ्या भरवशावर शाळेच्या खोल्या बांधल्या, दवाखान्याच्या भिंती उभ्या केल्या, पवनीला नदीकाठच्या एका घाटाची दुरुस्ती केली. त्या कामांवर देखरेख करणारे ओव्हरसियर म्हणजे हिरालाल साहेब. ते तंत्रनिकेतनातून शिकून आले होते आणि कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत. भिंत पूर्ण झाली की ते मिस्त्रींच्याच हातून मला घेत, भिंतीवर तीन ठिकाणी सोडत आणि मग वहीत टीप करत. "पास," एवढेच म्हणत. त्या एका शब्दासाठी मिस्त्री दिवसभर उन्हात उभे राहत.

मग मिस्त्रींची नजर मंदावली. काम सोडताना त्यांनी मला साहेबांच्या हवाली केले. साहेबांनी मला एका टिनाच्या डब्यात ठेवले आणि विसरले. गंजलेले खिळे आणि तुटकी कडी यांच्या संगतीत मी नऊ वर्षे काढली. अंगावर हिरवट कळंक चढला, दोरी कुजून तुटली. बांधकामांवर आता भिंतीवर लाल रेघ टाकणारी यंत्रे आली आहेत, असे मी डब्यातून ऐकत होतो. ती रेघ सरळ असते, हे मी मान्य करतो.

निवृत्तीनंतर साहेब सायकल चालवू लागले आणि शहरातल्या सायकलस्वारांच्या गटात सामील झाले. या गटाची एक रीत आहे. कोणी सायकलची नवी गादी घेतली की जुनी गादी गटात टाकतो. कोणाचे पायडल, कोणाची चेन, कोणाचे चाक असे एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. सामान फिरते, पण माप फिरत नाही. उंच माणसाची सायकल बुटक्याकडे येते आणि मग कंबर, मान, गुडघे तक्रार करू लागतात. साहेबांनी हे पाहिले, मला डब्यातून काढले, चिंचेने घासून लख्ख केले आणि नवी दोरी बांधली. त्यानंतर दोन वर्षांत घराच्या ओसरीत आम्ही अकरा सायकली मापात बसवल्या.

बारावी सायकल ज्योत्सनाची.

ज्योत्सना मूळची पवनीची, वैनगंगेत जाळे टाकणाऱ्या घरातली. वय अडतीस. भंडाऱ्यात मच्छीमारांच्या सहकारी संस्थेत ती लिपिक आहे. दोनशे किलोमीटरची फेरी साडेतेरा तासांच्या आत पूर्ण करायची, हा तिचा निश्चय. पहिल्या खेपेस गुडघ्याने एकशे एकतीस किलोमीटरवर हार मानली. दुसऱ्या खेपेस ती शेवटपर्यंत पोचली, पण बावीस मिनिटे उशिरा. तिसरी फेरी १४ डिसेंबरला होती. लोक म्हणत, गुडघाच कच्चा आहे, सायकल सोडून दे.

त्या रविवारी ओसरीत नव्या धानाची पोती छतापर्यंत रचलेली होती. म्हणून साहेबांनी सायकल अंगणात, भिंतीला लागून, फाटकाकडे तोंड करून उभी केली. ज्योत्सना गादीवर बसली. गटातल्या मुन्नाने हँडल धरले. मुन्नाचे सुट्या भागांचे दुकान आहे आणि त्याच्या जिभेला ब्रेक नाही.

"ताई, सायकल मोठी नाही जी, तुमीच बुटक्या हा," तो म्हणाला. "पायले दोन इंच वेल्डिंग करून घ्या."

"वेल्डिंग तुया तोंडाले कर," ज्योत्सना म्हणाली. "बंद तं होईन."

साहेबांनी दोघांकडे दुर्लक्ष करून सायकल निरखली. तिचा आधीचा मालक नागपूरचा एक उंच माणूस होता. हँडल फार लांब पडत होते, म्हणून ज्योत्सनाने गादी पुढे सरकवली होती. गादीबरोबर गुडघाही पुढे गेला होता आणि पुढून दुखत होता. साहेबांनी मुन्नाच्या डब्यातून आठ सेंटिमीटरचा जुना स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा आखूड दांडा, मागवून बसवला. हँडल तीन सेंटिमीटर जवळ आले. मग माझी पाळी आली.

पद्धत अशी आहे. पायडल पुढच्या बाजूला जमिनीशी समांतर ठेवायचे आणि गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या कडेपासून दोरी सोडायची. मी पायडलच्या आसासमोर थांबलो, तर सुरुवात बरोबर झाली असे समजायचे. मी आसाच्या पुढे बावीस मिलिमीटर थांबलो. साहेबांनी चार वेळा मोजले, चारही वेळा बावीसच आले. त्यांनी गादी बावीस मिलिमीटर मागे घेतली, बोल्ट आवळला आणि वहीत टीप केली.

पुढच्या रविवारी ज्योत्सना पवनीला जाऊन आली. परतली ती पाय ओढत.

"पुढून दुखत नाही आता, साहेब," ती म्हणाली. "मागून दुखून राहिलं. गुडघ्याच्या लवणीत."

"दुखणं पुढून मागं गेलं," मुन्ना म्हणाला. "प्रगती हाय, ताई. पुढच्या हप्त्यात बाहेर निघून जाईन." मग तो जरा गंभीर झाला. "खरं सांगू? टाका गटात. चांगली फ्रेम हाय, दोन दिवसांत जाईन."

"जाळं अडकलं तं आमच्या घरी कापत नाही, मुन्ना. सोडवते." तिने सायकल भिंतीला टेकवली. "पन १४ तारखेले नाही झालं, तं मीच टाकीन. मंग कोनी समजवाले येऊ नका."

साहेब त्या रात्री नीट जेवले नाहीत, हे मला त्यांच्या पत्नीच्या, गोदावरीबाईंच्या बोलण्यावरून कळले. साहेबांनी वही दहा वेळा पाहिली. आकडे बरोबर होते. दोरी सरळ होती. वजन माझेच होते. मग चूक कोणाची? मित्रांनो, खरे सांगतो, मलाही सुचले नाही. ओळंब्याला जमीन दिसत नाही. खाली कोणत्या दिशेला आहे, एवढेच त्याला कळते.

२३ नोव्हेंबरला सायकल पुन्हा त्याच जागी उभी राहिली. मी पुन्हा लटकलो आणि या वेळी बरोबर आसासमोर थांबलो. सारे काही बिनचूक दिसत होते आणि तरी ज्योत्सनाचा पाय दुखत होता. साहेब कपाळावर हात ठेवून उभे असताना आसाराम मिस्त्री काठी टेकत चहाला आले. ते दर रविवारी येतात. त्यांनी बोटांनी मला ओळखले, अंगठ्याने माझे टोक चाचपले आणि विचारले, हे काय चालले आहे. साहेबांनी सविस्तर सांगितले. मिस्त्रींनी मान हलवली, खाली बसले आणि तळहात फरशीवर ठेवला.

"साहेब, काहून पोरीचा गुडघा मोडून राहिले?"

"म्हणजे?"

"हे अंगन कोनं बांधलं?"

"तूच बांधलंस. अठ्ठ्याण्णव साली."

"अन ढाळ कोनं देवाले लावला होता? मी म्हनलो, साहेब, एवढा कायले? तं तुमी म्हनले, फुटाले पाव इंच ढाळ पायजेच, पानी साचलं तं अख्खी फरशी उखडून पुन्हा करवीन." मिस्त्री हसू लागले. "ओसरी पानसळीत हाय, एकदम सपाट, साहेब. अंगन फाटकाकडं उतरते. तुमी सायकल उतारावर उभी केली अन माप घेतलं."

मुन्नाने खाली वाकून फरशीला डोळा लावला.

साहेब कोठीतून पारदर्शक नळी घेऊन आले. तिच्यात पाणी भरून त्यांनी दोन्ही चाकांखालची पातळी पाहिली. दोन चाकांमध्ये एक मीटर अंतर. पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा एकवीस मिलिमीटर खाली. सायकल नाकावर झुकलेली होती, म्हणून गुडघा होता त्यापेक्षा पुढे दिसला होता. साहेबांनी पुढच्या चाकाखाली तेवढ्याच जाडीचा फरशीचा तुकडा ठेवला आणि मला पुन्हा सोडले. मी हललो, थांबलो. आता मी आसाच्या मागे दहा मिलिमीटर होतो. गादी जेवढी मागे घ्यायला हवी होती, त्यापेक्षा दहा मिलिमीटर जास्त मागे गेली होती, म्हणून गुडघा आता मागून ताणत होता.

साहेबांनी वहीत आधीचा आकडा खोडला नाही. त्याच्या शेजारी नवा लिहिला. मग ते ज्योत्सनाकडे वळले.

"चूक माझी आहे, ज्योत्सना. तुझ्या गुडघ्याची नाही."

"अन ढाळाची बी नाही," मिस्त्री तत्काळ म्हणाले. "ढाळ बराबर हाय. सत्तावीस वर्षांत थेंब साचला काय, इचारा वहिनीले."

"साचला नाही," गोदावरीबाई चहा ठेवत म्हणाल्या. "आता चहा घ्या, तो साचू देऊ नका."

साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिले आणि म्हणाले, "पास."

मिस्त्रींनी चहाचा कप हातात घेतला, पण बराच वेळ तो ओठाला लावला नाही.

गादी दहा मिलिमीटर पुढे आली. त्यानंतर तीन आठवडे ज्योत्सना रोज पहाटे निघाली. पहिले चार दिवस फक्त वीस किलोमीटर, मग चाळीस, मग ऐंशी. साहेबांनी तसा तक्ताच तिला आखून दिला होता. दुखऱ्या जागेला घाई करू नये, असे तिला बजावले होते. ती तक्त्याबाहेर एक किलोमीटरही गेली नाही. हे, मित्रांनो, वेगाने जाण्यापेक्षा अवघड आहे.

१४ डिसेंबर. सकाळी सहा वाजता एकतीस सायकली सुटल्या. आधी तुमसरवरून नाकाडोंगरीला जाऊन भंडाऱ्याला परत, नंतर पवनीला जाऊन परत. साहेबांकडे वेळेच्या नोंदींचे टेबल होते आणि वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर बसलो होतो. ज्योत्सना दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटांनी एकशे अठरा किलोमीटर पूर्ण करून आली. मीठ घातलेला पेजेचा पेला उभ्यानेच प्यायली. गुडघ्याबद्दल तिला कोणी विचारले नाही. ती पवनीच्या रस्त्याला लागली.

मुन्ना पाच वाजता परतला. साडेसहापर्यंत सव्वीस जण आले. दोघांनी वाटेत सोडून दिल्याचे फोन आले. अंधार पडला. पवनीच्या अलीकडे तिचे मागचे चाक पंक्चर झाल्याचे, आणि कोणाची मदत न घेता तिने ते पंक्चर काढल्याचे, मागून आलेल्या एकाने सांगितले. मुन्ना रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तो एकही विनोद करत नव्हता.

त्या अर्ध्या तासात मी जे मनाशी ठरवले, ते तुम्हांला सांगतो. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने साधन असेल: मोजपट्टी, तराजू, गुण्या, नाहीतर माझ्यासारखा ओळंबा. त्याला गंजक्या खिळ्यांत टाकू नका. त्याची दोरी वेळेवर बदला, त्याला कोरड्या फडक्याने पुसा. आणि ते वापरण्याआधी खाली वाकून जमिनीवर हात ठेवा. साधन आपले काम चोख करते. पण ते कशावर उभे आहे हे पाहण्याचे काम माणसाचे आहे. आणि दुखणाऱ्या माणसाला "तुझाच गुडघा कच्चा" असे म्हणण्यापूर्वी एकदा, कृपा करून, पुन्हा मोजा. या वेळी सपाट जागी.

सात वाजून बारा मिनिटांनी आणखी एक दिवा आला. तो तिचा नव्हता. साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले. टेबलाशी बसलेले आसाराम मिस्त्री खुर्चीतून उठले. त्यांना दिसत नव्हते, तरी ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"येऊन राहिली!" मुन्ना रस्त्यावरून ओरडला. "बसून नाही जी, उभी राहून पायडल मारत येऊन राहिली!"

सायकल टेबलासमोर थांबली. ज्योत्सनाच्या चेहऱ्यावर धूळ, हातांना चेनचे काळे तेल. तिने उजवा पाय जमिनीवर ठेवला, मग डावा. दोन्ही पाय सरळ होते.

"गुडघा कसा आहे?" साहेबांनी विचारले.

"आधी वेळ लिहा, साहेब."

साहेबांनी मला बाजूला उचलून ठेवले, कागद ओढला आणि नेहमीच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले: अंतर २०४ किलोमीटर; वेळ १३ तास १९ मिनिटे.