तिजोरीतली अकरा वर्षे

मित्रांनो, मी अक्रोडाच्या दस्त्याची एक जुनी रायफल आहे. ही हकिगत मी एका लोखंडी तिजोरीतून सांगते आहे. इथे उजेड नाही, वारा नाही. दार उघडेल तेव्हा माझा दिवस उगवतो.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने माझी नळी खिडकीकडे धरून आतून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते थेट पश्चिमेकडच्या वायोमिंग राज्यात, बिगहॉर्नच्या डोंगरांखाली. मला विकत घेणारा बिशेंते इरिआर्ट हा स्पेनच्या डोंगराळ बास्क मुलखातून आलेला मेंढपाळ होता. आठशे मेंढ्या, दोन कुत्री आणि शब्द मोजून बोलायची सवय, एवढाच त्याचा संसार.

त्याने मला फार प्रेमाने वागवले. शिकारीहून आला की आधी मला पुसायचा, मग स्वतःचे बूट काढायचा. तो तीनशे यार्डांपलीकडे कधीच गोळी झाडत नसे. म्हणून त्याची गोळी वायाही जात नसे. गावातल्या खाणावळीत लोक म्हणत, “बिशेंतेला दुसरं काडतूस लागतच नाही.” ते ऐकून मी फुलून जाई. तोही फुलत असणार, पण दाखवत नसे.

त्या कौतुकानेच घात केला. एका ऑक्टोबरात तो दोन सोबत्यांबरोबर डोंगरात गेला होता. दरीपलीकडच्या धारेवर एल्क जातीच्या मोठ्या हरणाची एक मादी चरत होती. अंतर सातशे यार्ड. एक सोबती हसत म्हणाला, “काय बिशेंते, म्हातारा झालास की काय?” बिशेंते आडवा झाला. त्याचा गाल माझ्या दस्त्याला टेकला होता आणि श्वास भराभर चालला होता. दरीत आडवा वारा होता, हे त्याला कळत होते. मला ‘नको’ म्हणता येत नाही, मित्रांनो. बोट दुसऱ्याचे असते. मी त्याच्या हातात अडकले होते आणि तो त्या हसण्यात.

गोळी मादीच्या पोटाच्या मागच्या भागात लागली. ती कोलमडली, उठली आणि पाइनच्या झाडीत शिरली. बिशेंतेने दोन दिवस तिचा माग काढला. पहिल्या दिवशी रक्ताचे थेंब दिसले. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. ती सापडली नाही.

घरी आल्यावर त्याने मला पुसले नाही. ओलीचिंब तशीच तिजोरीत उभी केली आणि आकड्यांच्या चाकाचे कुलूप फिरवले.

मग अकरा वर्षे गेली. काडतूस आत सरकवणाऱ्या माझ्या बोल्टवर गंज चढला. दस्ता कोरडा पडून त्याला चीर गेली. तिजोरी स्वयंपाकघरामागच्या कोठीत होती, त्यामुळे पत्र्यापलीकडून भांड्यांचे आवाज येत. कधीकधी पावले दाराशी येऊन थांबत. मी आशेने वाट पाही. पावले परत जात.

बिशेंतेचे गुडघे निकामी झाले, मेंढ्या विकल्या गेल्या आणि त्याची पुतणी मायते त्याला सांभाळायला आली. ती शाळेची बस चालवायची. एका वसंतात तिला सोडतीत एल्कच्या शिकारीचा परवाना लागला. लांबून नेम धरायला शिकायचे, स्वतःच्या हाताने घरात मांस आणायचे, असे तिच्या मनाने घेतले. बंदुकीच्या दुकानात जाऊन तिने मोठ्या काडतुसाची एक नवीकोरी रायफल झाडून पाहिली आणि तिच्या धक्क्याने खांदा निळा करून घेतला.

जेवताना ती काकांना सांगत होती, ते मी ऐकले. दुकानवाली लव्हर्न तिला म्हणाली होती की पहिली रायफल लाथ मारणारी घेऊ नये. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायची खोड लागते आणि ती जन्मभर सुटत नाही. थोडी जड घ्यावी, मऊ धक्क्याची, आपल्या खांद्याला बसणारी. जिची काडतुसे कुठेही मिळतात अशी घ्यावी, कारण शिकायचे तर शेकड्यांनी झाडावी लागतात.

“आणि शेवटी काय म्हणाली माहितीये?” मायते म्हणाली. “म्हणाली, अशी एक तुझ्या काकाच्याच घरात कुजत पडलीये.”

ताटलीत चमचा ठेवल्याचा आवाज आला. मग बिशेंते म्हणाला, “कुलपाचा आकडा विसरलोय मी.”

“काका, तुम्हाला आठशे मेंढ्यांच्या आया पाठ होत्या.”

तेव्हा त्याने तिला सगळे सांगितले. ती मादी, तो वारा, तो बर्फ. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो त्याबद्दल बोलत होता. मायतेने मध्ये तोंड घातले नाही. शेवटी तिने एवढेच विचारले, “मग चूक रायफलची होती?”

“नाही.”

“मग ती का आत?”

खुर्ची सरकली. काठी वाजत वाजत कोठीत आली. कुलूप फिरले, आणि उजेडाने मी दिपून गेले. माझा गंज पाहून त्याने तो अंगठ्याने घासून पाहिला. त्या दुपारी त्याने मला तेल लावले.

त्याची अट एकच होती. जेवणाच्या ताटलीएवढ्या निशाणात पाचातल्या पाच गोळ्या ज्या अंतरावरून बसतील, ती तिची हद्द; त्यापलीकडे झाडायची नाही. उन्हाळाभर ती वाऱ्यात, उतारावर, धापा टाकत असतानाही सराव करत राहिली. तीनशेवर पाच बसू लागल्या. चारशेवर तीन, फार तर चार.

ऑक्टोबर आला. परवान्याच्या शेवटच्या दिवशी ती शिकाऱ्यांची नारिंगी टोपी घालून धारेवर आडवी झाली होती. शेजारी बिशेंते दुर्बीण लावून बसला होता. गाडीपासून तिथवर यायलाच त्याला तासभर लागला होता. समोर एल्कची मादी उभी होती, पूर्ण कूस आमच्याकडे करून. चारशे वीस यार्ड. मध्ये उघडा उतार, पुढे सरकायला आडोसा नाही.

“वारा पडलाय,” बिशेंते कुजबुजला. “मार, पोरी.”

मला तोच जुना भरभर श्वास ऐकू आला. पण तो दस्त्यापाशी नव्हता, बाजूने, बिशेंतेकडून येत होता. मायतेचे बोट चापाजवळ होते. मी पुन्हा अडकले होते.

तिने बोल्ट मागे ओढला. न झाडलेले काडतूस उडून गवतात पडले.

“माझी हद्द तीनशेची आहे, काका. तुम्हीच घालून दिलीत.”

मादी शांतपणे चरत झाडीत गेली. बिशेंतेने दुर्बीण खाली ठेवली आणि तोंड दोन्ही हातांत लपवले. मायते त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तो म्हणाला, “मी तेव्हा एवढंच करायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. “चला, थंडी वाढतेय.”

त्या हिवाळ्यात त्यांनी शेजाऱ्याकडचे मटण खाल्ले. मी पुन्हा तिजोरीत आले आणि आजही इथेच आहे. बिशेंते आता नाही. मायते महिन्यातून एकदा मला पुसते, बाकीचे दिवस अंधारात मोजावे लागतात. मित्रांनो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्यासारखीला कुलपातच ठेवावे. पण हातून चूक झालेल्या माणसाला एकटे कोंडून ठेवू नका. त्याच्या दारावर थाप मारा, आणि तो बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका.