डावी पाकळी

वेदिकाच्या मांडीवरची सूज लाकडासारखी कडक होती आणि दुखत मात्र नव्हती. त्यामुळे राजापूरजवळच्या त्या वाडीत जो तो तिच्यावर मत द्यायला मोकळा होता. मुंबईहून बापाने, अनिलने, फोनवरच कॅन्सर ठरवून टाकला. पोरीचा पाय जाणार, या धास्तीने तिच्या आईला, मालनला, जेवण गोड लागेना.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सुजेच्या कडेखाली बोटं घातली, तशी ती उचलल्यासारखी वर आली. क्वचित दिसणारी बुरशी आहे, म्हणाले, बहुतेक पोरांनाच धरते. तुकडा तपासून आला, तेच निघालं. कापायचं काही नाही, दुधातून थेंब द्यायचे. पण सूज उतरली तरी थांबायचं नाही, नाहीतर पुन्हा उठेल.

थेंबांची चव गंजक्या खिळ्यासारखी. पोर रोज रडे. सूज उतरू लागली, तशी सासू तुळसा म्हणाली, हे देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याचं फळ, आता औषध कशाला? मालनने समजावून पाहिलं. सुनेच्या सांगण्याला त्या घरात जेवढी किंमत होती, तेवढी मिळाली. शेवटी कौल लावायचं ठरलं.

रावजी गुरवाने देवाच्या अंगावर दोन पाकळ्या पाण्याने चिकटवल्या. औषध थांबवायचं तर उजवी पडू दे, द्यायचं तर डावी. उजवीला त्याने चांगलं बोट बुडवून पाणी लावलं, डावीला नुसतं दाखवलं. मालनने ते पाहिलं आणि नजर समईवर नेली.

डावी पडली.

मग तुळसाने औषधच ताब्यात घेतलं. देवाचा हुकूम म्हटल्यावर थेंब इकडचा तिकडे होईना. आधी आपण घोट घेतल्याचं सोंग करून ती तोंड वाकडं करी. पोर हसता हसता पिऊन टाकी.

पुढच्या खेपेला डॉक्टरांची बोटं कड शोधत राहिली, सापडली नाही. तरी अजून काही महिने द्या, म्हणाले.

परतीच्या एसटीत वेदिका आजीच्या मांडीवर झोपली. मालनने चाचरत विचारलं, पुन्हा कौल लावायचा का?

"कशाला? रावजीने पाणी कुठच्या पाकळीला जास्त लावलंन, ते मला दिसलं नाय होय?"

"मग तेव्हा बोलला नाहीत?"

"माझंच तोंड, माझाच शब्द. मागे कसं फिरायचं गो, कोणीतरी फिरवायला नको?"

असं म्हणून तुळसाने नातीचा फ्रॉक गुडघ्याखाली ओढला.