संपाचं सहावं कारण

दहावीची गाईडं छापणाऱ्या एका प्रकाशनात ताई अक्षरजुळणी करायची. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत, मालकसुद्धा. एकदा इतिहासाच्या गाईडचा शेवटचा फर्मा छापायला सोडायचा होता आणि मालक तिच्या डोक्यावर येऊन उभे राहिले. ‘बंदर कामगारांचा संप’ या धड्याखाली प्रश्न होता: संपाची कारणे लिहा, गुण सहा. कारणं मात्र पाचच.

"सहा गुणांना पाच मुद्दे? पालक मुद्दे मोजून गाईड घेतात, ताई. एक वाढवा."

"कुठून वाढवू? पाठ्यपुस्तकात पाचच आहेत."

"इतिहासात शोधलं की सापडतं. पाच मिनिटांत शोधा."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. शेजारच्या साबणाच्या कारखान्याचा सुटीचा भोंगा त्या दिवशी वाजलाच नव्हता, आणि त्याच्या भरवशावर असलेलं अख्खं ऑफिस अजून बसूनच होतं. तिने वैतागून टाइप केलं: ‘६) बंदरावरील भोंगा वेळेवर वाजत नसे. त्यामुळे कामगारांत असंतोष पसरला.’

मालक खूश झाले. "असंतोष आला की उत्तर कसं भरल्यासारखं वाटतं!" म्हणाले आणि फर्मा घेऊन गेले. ताई घरी आली आणि भोंगा विसरून गेली.

दोन वर्षांनी तिची लेक ठमी दहावीला गेली. एका सकाळी ताई पोळ्या लाटत होती आणि ठमी खोलीत येरझाऱ्या घालत घोकत होती, "म-ता-अ-ब-मु-भो, म-ता-अ-ब-मु-भो."

"हे काय गं?"

"संपाची कारणं. मजुरी, तास, अपघात, बडतर्फी, मुकादम, भोंगा. क्लासच्या सरांनी सूत्र दिलंय. भोंगा सगळ्यात महत्त्वाचा, दोन सराव परीक्षांत आला."

ताईच्या हातातलं लाटणं थांबलं. "भोंगा काढून टाक. तो मी घातलाय."

ठमीने आईकडे पाहिलं. आई चेष्टा करत नव्हती. मग दोघी आतल्या खोलीत आजोबांकडे गेल्या. ताईचे वडील तरुणपणी त्याच बंदरावर पोती वाहायचे आणि त्या संपात बावीस दिवस घरी बसले होते.

"भोंगा?" आजोबा म्हणाले. "कसला भोंगा? रुळाचा एक तुकडा टांगला होता, तो मुकादम बडवायचा. त्याला वाटेल तेव्हा बडवायचा, ती गोष्ट वेगळी."

ठमीने ते वहीत लिहून घेतलं. ताई दुसऱ्याच दिवशी शाळेत जाऊन इतिहासाच्या मॅडमना भेटली आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. मॅडम सराव परीक्षेचे पेपर तपासत होत्या. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं नाही.

"तुम्ही बनवलं असेलही," त्या म्हणाल्या. "पण आता ते आदर्श उत्तरपत्रिकेत आहे. पाचच लिहिणाऱ्यांचा मी परवा एकेक गुण कापलाय. त्यांना काय तोंड दाखवू?"

"पण खोटं आहे हो ते."

"खोटं-खरं कॉलेजात. इथे मुद्दे."

मालकांकडे गेली तर ते खुर्चीतून उठलेच. "काढायचा? अहो, भोंगा चाललाय! बाकीच्या गाईडवाल्यांनीसुद्धा उचलला. नव्या आवृत्तीत चौकटीत टाका, शेजारी भोंग्याचं चित्र." ते चित्र जागेवर बसवायचं कामही ताईच्याच वाट्याला आलं.

एवढ्यात शाळेने प्रकल्प दिला: ‘इतिहासाच्या साक्षीदाराची मुलाखत’. गल्लीत साक्षीदार एकच. आजोबांकडे रांग लागली. इतकी वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं; आता दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून ते सकाळपासून तयार बसत. पोरं विचारत, "आजोबा, भोंग्याबद्दल सांगा ना."

पहिल्या आठवड्यात ते म्हणत, "भोंगा नव्हता रे." पोरांचे चेहरे पडत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "असेल, लांबच्या धक्क्यावर असेल." तिसऱ्या आठवड्यात ताईने दारातून ऐकलं, आजोबा डोळे पुसत सांगत होते, "अजून कानात घुमतो. वीस मिनिटं उशिरा वाजायचा मेला, आणि आमची माणसं उन्हात ताटकळत उभी!"

ताईने कपाळाला हात लावला. पण म्हाताऱ्याचा चेहरा इतका खुलला होता की तिच्याच्याने आत जाववलं नाही.

बोर्डाच्या पेपरात प्रश्न आलाच: ‘संपास भोंगा कितपत कारणीभूत होता? चार गुण.’ मुलं हॉलबाहेर एकमेकांना टाळ्या देत होती. ठमी मात्र सरळ आईकडे आली.

"काय लिहिलंस?" ताईने विचारलं.

"आजोबांनी सांगितलं ते."

"कधी सांगितलं ते?"

"पहिल्यांदा."

निकाल लागला. इतिहासात गुण कमी पडले, म्हणून ताईने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. त्या प्रश्नाला शून्य होतं, आणि समासात लाल शेरा: ‘स्वतःच्या मनाचे लिहू नये.’

ताई आधी हसली, मग हसता हसता तिला रडूच आलं. काय झालं म्हणून आजोबा बाहेर आले, चष्मा लावून त्यांनी उत्तर वाचलं आणि ठमीवरच चिडले.

"रूळ कशाला लिहिलास? भोंगा लिहायचा! मी स्वतः ऐकलाय."

"बाबा," ताई म्हणाली, "तो माझ्या ऑफिसशेजारच्या साबण कारखान्याचा. मीच टाइप केला होता." आणि तिने त्या दिवशीचं सगळं सांगितलं.

आजोबांनी उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कागद हातात तसाच होता. मग हळूच म्हणाले, "तो रूळ गंजका होता. बडवला की गंजाचे कपचे हातभर लांब उडायचे. बघ, हे मी विसरूनच गेलो होतो."

ठमीने खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसली. "अजून काय होतं?" तिने विचारलं. जेवणं निवून गेली, तरी दोघं उठली नाहीत.

नवं वर्ष सुरू झालं तशा दहावीच्या दोन मुली वह्या घेऊन दारात आल्या. आजोबांनी त्यांना रूळ सांगितला, मुकादम सांगितला, पोत्यांखाली सापडलेला आपला जोडीदार सांगितला. मुली पेनं उघडून नुसत्या ऐकत होत्या, लिहीत नव्हत्या.

"आजोबा, छान आहे," एक अदबीने म्हणाली, "पण भोंग्याला मार्क आहेत."

आजोबांनी दोघींकडे पाहिलं, आत उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं.

"लिहा बाळांनो, भोंगा लिहा," ते म्हणाले. "फक्त साक्षीदार म्हणून खाली माझं नाव घालू नका."