गोरखचिंचेची पुडी

"वहिनी, सकाळपासून सात वेळा लोटा उचललाय. आबासाहेबांना सांगा ना काही!" गिरणीतले कारकून पांडुरंगराव आमच्या मागच्या दाराशी कुरकुरत होते.

"तुम्हीच सांगा की, भिया," म्हणत मी त्यांची पुडी बदलून दिली. काल घाईत ते मागे यायचं विसरले होते.

आबासाहेब म्हणजे माझे सासरे, दौलतराव. होळकरांच्या फौजेत रिसालदार. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, फौज गेली, घोडा गेला. उरली ती औषधं. मांडूहून गोरखचिंचेची फळं यायची, नारळाएवढी, वरून मखमली. आतला सुका पांढरा गर कुटून बरणीत भरायचा. तापात त्याचं सरबत, जुलाबावर ताकातून चिमूटभर. "झाड हबशांच्या मुलखातलं, पण पथ्य इंदूरचं. कचोरी बंद!" हे प्रत्येकाला ऐकवायचं. शेजारच्या बरणीत हिरड्याचं चूर्ण, ते पोट साफ करायला.

बरण्या सारख्याच, फरक रंगाचा, एक पांढरं, एक पिवळट. मोतीबिंदू चढला तसा तोही मिटला. वासावरून ओळखावं तर तपकिरीनं नाक कधीच पेन्शनीत गेलेलं. हिरड्याची बरणी मी दोनदा लपवली. दोन्ही वेळा त्यांनी घर डोक्यावर घेतलं. मग गल्लीनंच रीत पाडली. पुढच्या दारानं पुडी घ्यायची, पाया पडायचं, मागच्या दारानं माझ्याकडून बदलून न्यायची. बरण्याही गेल्या तर त्यांना उरायचं काय, म्हणून सगळे चूप.

पांडुरंगराव गेले आणि पुढच्या दारानं शशिकला आली. समोरच्या घरातली नवी भाडेकरीण, येऊन तीन दिवस झालेले. मागच्या दाराचं तिला कोण सांगणार?

"आबासाहेब, बाळाला जुलाब लागलेत हो."

मी दारात येऊन उभी राहिले. त्यांचा चमचा पिवळट चूर्णाच्या बरणीत शिरला.

"केवढं आहे लेकरू?"

"आठ महिन्यांचं."

चमचा तिथंच थांबला. त्यांनी तो उचलून डोळ्यांशी नेला, उजेडाकडे वळवला, पुन्हा डोळ्यांशी आणला. मग चूर्ण परत बरणीत ओतलं आणि दोन्ही बरण्या हळूच माझ्या दिशेनं सरकवल्या.

"सूनबाई, पुडी तू बांध," ते म्हणाले. "मला दिसत नाही."