भागधारकाचं भाषण

"बाबा, कॉफीचे सगळे शेअर विकले. आजवरचा सगळ्यात वरचा भाव मिळाला." बंगळूरहून बोलणारा तुषार भलताच खुशीत होता.

भोपाळमध्ये आनंद नगरच्या घरात दत्तात्रय काळ्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. हे शेअर त्यांच्या बायकोने, मालतीने, हौसेने घेतलेले. तेव्हा ही कंपनी म्हणजे दक्षिणेतला एक मळा आणि किराणा दुकानातली पिवळी पुडी. आता भोपाळातसुद्धा तिचे कॅफे निघाले होते आणि शेअर बाजारात तिने नुसती घोडदौड चालवली होती. मालती गेल्यापासून दोघांचं संयुक्त खातं तुषार बघायचा. मुलाने संधी साधली, त्याला बोल कसा लावणार?

"पण सभा आहे रे कंपनीची," दत्तात्रय म्हणाले. "दर वर्षी बोलतो मी तिथे. एक शेअर तरी ठेवायचास."

"एका शेअरने काय होतंय?"

"बोलता येतं."

तुषार हसला. "तिथे कोण ऐकतं, बाबा?"

ऐकायचे की. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दत्तात्रयांचं बोलणं दूधवाल्याला "आधा लीटर" सांगण्यापुरतं उरलं होतं. वर्षातून एकदा मात्र भागधारकांच्या ऑनलाइन सभेत लॅपटॉपमधून पुकारा व्हायचा, "भोपाल से दत्तात्रय जी, बोलिए." मग इस्त्रीच्या शर्टातले दत्तात्रय नफ्यातोट्यावरून सुरुवात करून कॉफीच्या भाजणीवर घसरायचे, आणि आमच्या मालतीला तुमची जुनी पुडीच आवडते, असं हमखास सांगायचे. गेल्या वर्षी अध्यक्षांनी आपणहून विचारलं होतं, "भाभीजी कैसी हैं?"

"अच्छी हैं," दत्तात्रय म्हणाले होते.

धडधडीत खोटं. पण जगात तेवढ्या एकाच ठिकाणी मालती अजून होती, तिची चौकशी होत होती. ते ठिकाण आज हातचं गेलं, आणि दत्तात्रयांना फार एकटं वाटलं.

"बाबा, रागावलात? बरं, काय बोलणार होतात ते मला सांगा. मी ऐकतो."

दत्तात्रय खुर्चीतून उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"माननीय अध्यक्ष महोदय, मी भोपाळहून दत्तात्रय काळे—"

"एक मिनिट हं बाबा, ऑफिसचा फोन येतोय. ठेवू नका."

फोनमध्ये टूं टूं वाजत राहिलं. दत्तात्रय उभेच होते. भाषणात पुढे मालतीला जुनी पुडीच आवडते हे वाक्य येणार होतं, आणि तुषारसमोर ते कसं म्हणावं, हे त्यांना सुचत नव्हतं.